न दिसण्याची व्यवस्था

भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम आकाराच्या आयताकृती नाट्यगृहाचं माप दिलं आहे : लांबी ६४ हात, रुंदी ३२ हात. लांबीचे दोन सारखे भाग करायचे. पुढचे ३२ हात प्रेक्षकांचे. मागच्या ३२ हातांचे पुन्हा दोन भाग. त्यातल्या पुढच्या १६ हातांत रंगपीठ आणि रंगशीर्ष, म्हणजे जे काही दिसायचं ते सगळं. त्यामागच्या १६ हातांत नेपथ्यगृह. नट तिथे रंगतात, नटतात, मुकुट चढवतात आणि दोन दारांनी बाहेर येतात. अभ्यासकांनी या श्लोकांचे अर्थ थोडे वेगवेगळे लावले आहेत, पण सर्वसाधारणपणे मानला जाणारा हिशेब हा असा. म्हणजे दाखवायला जेवढी जागा, तेवढीच लपवायला! हे वाचताना मला त्यामागे ऋषी दिसत नाही. शंभर प्रयोगांची धावपळ अंगावर काढलेला एखादा नाटक कंपनीचा व्यवस्थापक दिसतो.

आजचं नाट्यगृहही याच तत्त्वावर उभं असतं. प्रेक्षागृहातून दिसते ती चौकट रंगमंचाचा अगदी थोडा भाग असते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या रुंदीइतकी तरी मोकळी जागा असावी आणि वरची पोकळी चौकटीच्या उंचीच्या अडीचपट असावी, असा जगभरच्या नाट्यगृहं बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तिकीट काढून आपण बघतो ते या सगळ्या घनफळातलं एक भोक. विंग, झालर, सायक्लोरामा, बॅकिंग, ब्लॅकआऊट हे शब्द ऐकले की वाटतं, ही तंत्रज्ञांची परिभाषा आहे. थोडं जवळ जाऊन पाहिलं की कळतं, यातला जवळजवळ प्रत्येक शब्द एकाच प्रश्नाचं उत्तर आहे : समोर बसलेल्या माणसाला काय दिसू द्यायचं नाही?

पण त्याआधी दिशा. रंगमंचावर नव्या माणसाची पहिली फजिती तिथेच होते. डावं-उजवं नेहमी नटाचं, तेही प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. तालमीत समोर खुर्चीवर बसलेला दिग्दर्शक ‘राइटला जा’ म्हणतो तेव्हा त्याला स्वतःच्या डाव्या हाताची बाजू हवी असते. हा उलटा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, नवख्या नटाच्या नाही. फ्रेंचांनी यातून भलताच तोडगा काढला. पॅरिसच्या तुइलरी राजवाड्यातल्या रंगमंचाची एक बाजू अंगणाकडे होती, दुसरी बागेकडे. तिथले नाटकवाले डावं-उजवं सोडून ‘अंगण’ आणि ‘बाग’ म्हणायला लागले. १८७१ साली तो राजवाडा जळाला. फ्रेंच नट मात्र आजही कुठल्याही गावातल्या कुठल्याही रंगमंचावर अंगणाकडून येतो आणि बागेकडे जातो.

‘अप’ आणि ‘डाऊन’चं प्रकरण याहून मजेचं. मराठी तालमीत ‘डाऊन ये’ म्हणजे प्रेक्षकांकडे ये, ‘अप जा’ म्हणजे मागे जा. जमीन तर सपाट आहे, मग वर-खाली कुठलं? युरोपात कित्येक शतकं रंगमंच खरोखरच उतरता असायचा : मागे उंच, पुढे सखल. मागच्या नटांचे पाय दिसावेत आणि चितारलेल्या देखाव्याला खोली यावी म्हणून. पुढे उतार रंगमंचावरून निघाला आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली गेला. जमीन सपाट झाली, पण बोलण्यातला चढ-उतार राहिला. त्यातून एक वाईट खोडही राहिली. दोघांच्या प्रवेशात एखादा धूर्त नट बोलता बोलता दोन पावलं मागे सरकतो. आता समोरच्याला त्याच्याशी बोलायचं तर प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. एकही वाक्य न बदलता प्रवेश त्याच्या खिशात! प्रेक्षकांना यातलं काही कळत नाही, त्यांना फक्त एवढं वाटतं की हा नट आज फार छान दिसतोय.

आता विंग. रंगमंचाच्या दोन्ही कडांना एकामागे एक सोडलेले ते उभे पडदे. नवशिक्याला विंगेतला पहिला धडा मिळतो तो असा : तुला प्रेक्षक दिसत असेल, तर प्रेक्षकाला तू दिसतोस. प्रकाश ज्या रेषेने येतो त्याच रेषेने परत जाऊ शकतो, हे भौतिकशास्त्र इथे ओरडा खाऊन शिकावं लागतं. विंगा कुठे टांगायच्या हे ठरवताना चांगल्या खुर्च्यांचा विचार करत नाहीत, सगळ्यांत वाईट खुर्चीचा करतात. ती असते पहिल्या रांगेच्या टोकाला. तिथे बसलेल्या माणसाची नजर समोरच्या बाजूच्या पहिल्या विंगेच्या कडेला घासून आत घुसते. ती कशावरही न अडता मागच्या भिंतीपर्यंत पोहोचली, तर तिथे चहा पिणारा खलनायक उघडा पडतो. म्हणून ती नजर दुसऱ्या विंगेवर आपटेल अशा बेताने दुसरी विंग लावायची, तिच्यापासून सुटेल ती तिसरीवर. झालर म्हणजे हेच काम आडवं. पहिल्या रांगेतला माणूस मान वर करतो तेव्हा त्याला दिव्यांचे बार आणि दोर दिसू नयेत म्हणून वरून सोडलेल्या कापडाच्या पट्ट्या. ही कापडं बहुधा काळी आणि लवदार असतात, कारण लवेत शिरलेला प्रकाश सहजासहजी बाहेर पडत नाही.

विंगा पूर्वी काळ्या नसायच्या, चितारलेल्या असायच्या : दोन्ही बाजूंना झाडं नाहीतर खांब, मागे पडद्यावर जंगल नाहीतर राजवाडा. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ ड्रॉटनिंगहोम इथे १७६६ सालचं राजदरबारी नाट्यगृह आहे आणि त्याची लाकडी यंत्रणा आजही चालते. रंगमंचाखाली एक मोठा रहाट आहे. माणसं तो फिरवतात आणि दोर एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या सगळ्या विंगा ओढतात. जंगलाच्या विंगा आत सरकतात, राजवाड्याच्या बाहेर येतात, काही सेकंदांत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. वीज नाही, मोटार नाही. त्या काळातल्या प्रेक्षकाला ही जादू वाटत असेल तर त्यात नवल नाही. मला तर कसं चालतं ते कळल्यावर जास्तच वाटते.

या चितारलेल्या जगाला एक खोट होती. यथार्थदर्शन एकाच जागेवरून बरोबर दिसतं. युरोपातल्या दरबारी नाट्यगृहांत ती जागा राजाच्या आसनाची. बाकीच्यांना त्यांच्या मानाप्रमाणे वाकडं जग. शिवाय चित्रात मागची घरं लहान होत जातात, नट मात्र मागे गेला तरी लहान होत नाही. तो पडद्याजवळ उभा राहिला की त्याचं डोकं दुमजली हवेलीच्या गच्चीला लागतं. त्यामुळे नटांनी पुढेच वावरायचं आणि देखाव्याने मागेच राहायचं, असा अलिखित करार होता.

आपल्याकडे हे सगळं नंतर आलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा चौकटीचा हा आग्रह नव्हता. सूत्रधार सगळ्यांसमोर उभा राहून गात होता, गोष्ट पुढे नेत होता. १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करायला गेली. ते जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेवर उभं राहिलेलं, विलायती धर्तीचं. मराठी नाटकाची चौकटीशी गाठ पडली ती अशी, आणि पुढची शंभर वर्षं ती सुटली नाही.

संगीत नाटकांच्या काळात चितारलेले पडदे ही कंपनीची दौलत होती. जंगलाचा, रस्त्याचा, राजवाड्याचा, तुरुंगाचा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्यातले बाबूराव पुढे मराठी सिनेमाचे एक जनक झाले. पडद्यावर न हलणारं जंगल रंगवणाऱ्या माणसाला एक दिवस हलणारं जंगल हवंसं वाटावं, हे मला फार साहजिक वाटतं.

त्या कंपन्यांत पडद्यामागे आणखी दोन राज्यं होती : रंगपट आणि कपडेपट. रंगपटात चेहरे व्हायचे, कपडेपटात माणसं. गंधर्व नाटक मंडळीच्या खऱ्या शालू-पैठण्यांच्या कथा अजून सांगितल्या जातात. लांब बसलेल्या प्रेक्षकाला खरी जर आणि खोटी जर यांतला फरक कळतो का? बहुधा नाही. बालगंधर्वांना मात्र तो अंगावर कळत असणार. साथीदार तेव्हा विंगेत नसत. ऑर्गन, सारंगी, तबला रंगमंचासमोर खाली बसत. अहमदजान तिरखवाँसारखा तबल्यातला मातब्बर गंधर्व मंडळीत साथीला असायचा, प्रेक्षकांकडे पाठ करून. ज्याला बघायला आज लोक स्वतंत्र तिकीट काढतील त्याची तेव्हा पाठच दिसायची!

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं तेव्हा चितारलेले पडदे गुंडाळले गेले. रंगमंचावर तीन भिंतींची खोली आली, उघडता येणारं दार आलं, बसता येणारी खुर्ची आली. हा बॉक्स सेट. चौथी भिंत प्रेक्षकांच्या बाजूची. ती आहे असं नटांनी मानायचं आणि नाही असं प्रेक्षकांनी. आपल्याला आज हे इतकं सवयीचं झालं आहे की त्यातला खटाटोप लक्षात येत नाही. ती भिंत म्हणजे फ्लॅट : लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड किंवा ठोकलेलं प्लायवूड, मागून तिरका टेकू आणि टेकूवर वजन. नायिका रागाने दार आपटून जाते तेव्हा सगळ्या घराला भूकंप होऊ नये, म्हणून दाराची चौकट आजूबाजूच्या भिंतीपेक्षा कितीतरी मजबूत करावी लागते. दार उघडल्यावर मागे विंगेतला पंखा दिसू नये म्हणून दारामागे आणखी एक फ्लॅट उभा करतात, त्यावर बोळाचा नाहीतर जिन्याच्या भिंतीचा रंग. त्याला बॅकिंग म्हणतात. खिडकीबाहेर आकाश हवं असेल तर सर्वांत मागे सायक्लोरामा : एकसंध, फिकट, सुरकुती नसलेला मोठा पडदा. त्यावर कड नाही, डाग नाही, नजर ठरेल असं काहीच नाही, त्यामुळे डोळ्याला अंतराचा अंदाज बांधता येत नाही. पंचवीस फुटांवरचं कापड क्षितिज होऊन बसतं.

मराठी व्यावसायिक नाटकाने या सगळ्यावर आपली एक अट घातली : हे घर टेम्पोत मावलं पाहिजे. आपली नाट्यगृहं सत्रांवर मिळतात, सकाळ, दुपार, रात्र. दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात उभं असलेलं घर रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये उभं राहायचं असतं, पुढच्या रविवारी पुण्याच्या बालगंधर्वमध्ये. प्रत्येक ठिकाणी चौकट वेगळी, खोली वेगळी, विंगांची जागा वेगळी. त्यामुळे भिंती तुकड्यांत असतात. बिजागरीतली खीळ उपसली की दिवाणखान्याचे दोन भाग होतात. कुठला तुकडा कुठे जातो याच्या खुणा मागे खडूने नाहीतर रंगाने केलेल्या असतात, आणि बॅकस्टेजवाल्यांना त्या खुणा बघाव्याही लागत नाहीत. प्रयोगाचं श्रेय देताना नेपथ्यकाराचं नाव येतं. हे घर शेकडो वेळा बांधणाऱ्यांचं आणि पाडणाऱ्यांचं नाव घाईने, सगळ्यांत शेवटी येतं. हे मला पटत नाही.

विंगेत प्रॉपर्टीचं टेबल असतं. नाटक बघून झाल्यावर मला दुसऱ्यांदा काही बघायला मिळणार असेल तर मी ते टेबल मागेन. पहिल्या अंकातलं पत्र, दुसऱ्या अंकातलं फाटलेलं तेच पत्र, चष्मा, पिस्तूल, औषधाची बाटली, पूजेचं तबक, सगळं ठरलेल्या जागी. अंधारात हात घालून नटाने नेमकी वस्तू उचलायची असते, म्हणून काही संघांत टेबलावर चिकटपट्टीने चौकोन आखून वस्तूंची घरंच केलेली असतात. प्रयोग संपल्यावर प्रत्येक घर भरलेलं हवं. एक रिकामं दिसलं की चष्मा अजून कुणाच्या तरी नाकावर आहे हे कळतं.

आता दिव्यांकडे. जुन्या रंगमंचावर उजेड खालून यायचा, फूटलाइटमधून. त्याचं कारण कलात्मक नव्हतंच. तेलाच्या वाती कापाव्या लागत, तेल घालावं लागे, त्यामुळे दिवे हाताशी हवेत. पण खालून उजेड पडला की हनुवटी आणि भुवया उजळतात, डोळ्यांच्या खोबणीत विचित्र सावल्या येतात. त्या पुसायला चेहऱ्यावर रंगाचे जाड थर आले. रंगपटाचा निम्मा व्याप अशा चुकीच्या जागी ठेवलेल्या दिव्यांनी निर्माण केला, असं म्हणायला हरकत नाही. पुढे गॅस आला, मग चुन्याच्या खड्यावर जळत्या वायूंचा झोत सोडून त्याला पांढराशुभ्र तापवायची युक्ती आली. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये १८३७ साली ती वापरली गेली. त्या झोतात आला की नट इतरांहून वेगळा दिसे. म्हणजे आपल्या स्पॉटचा हा पणजोबा, कळीचा चुना!

१८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे लागले तेव्हा लोकांना आगीची भीती वाटत होती. मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आला, जळता दिवा मलमलीत गुंडाळला आणि हातोडीने फोडला. दिवा विझला, मलमल जशीच्या तशी. टाळ्यांचा कडकडाट. परिणामकारक प्रवेश म्हणतात तो हा.

वीज आल्यावर दिवे टांगता आले आणि चेहऱ्याला सावली परत मिळाली. आज प्रकाशयोजनाकार साधारणपणे दिवा ४५ अंशांच्या आसपास वरून, बाजूने ठेवतो. दिवसा बाहेर उजेड असाच वरून, तिरका येतो, आपल्या डोळ्याला चेहरे तसे बघायची सवय आहे. एका बाजूच्या दिव्यासमोर जरा उबदार रंगाचं जिलेटीन, दुसऱ्या बाजूला जरा थंड रंगाचं. दोन्ही मिसळतात तिथे चेहरा नैसर्गिक दिसतो आणि तरी सपाट होत नाही. अमेरिकेत स्टॅनली मॅककँडलेसने १९३२ साली ही रीत पुस्तकात मांडली. पण दिव्यांनी काय करता येतं याची खरी साक्ष कोलकात्यात मिळाली. १९५९ साली मिनर्व्हा नाट्यगृहात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि माणसं बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. तापस सेन यांनी तो पूर नुसत्या प्रकाशाने चढवला होता.

आणि दिवा न लावणं हाही प्रकाशयोजनेचाच भाग. ब्लॅकआऊट होतो तेव्हा प्रेक्षक आंधळे होतात, कारण उजेडातून अंधारात गेलेल्या डोळ्याला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. नाटकवाल्यांना हवी असतात फक्त दहा-पंधरा सेकंदं. त्यात टेबल जातं, पलंग येतो, एक माणूस मरतो आणि उठून विंगेत जातो. अडचण एवढीच की नटही त्याच उजेडातून आलेला असतो आणि तोही तितकाच आंधळा असतो. म्हणून जमिनीवर रेडियमच्या पट्टीच्या बारीक खुणा चिकटवतात. नावात रेडियम राहिलं असलं तरी पट्टीत ते नसतं, उजेड साठवून मंद सोडणारं रसायन असतं. काही जण तर दिवे जायच्या आधी थोडा वेळ एक डोळा मिटून ठेवतात, म्हणजे अंधारात तो डोळा हाताशी येतो. प्रेक्षकांना वाटतं, नटाने भावनेने डोळे मिटले.

फिरत्या रंगमंचाची कल्पना याच्या बरोबर उलट : अंधारच नको. जपानमध्ये ओसाकाच्या काबुकी नाट्यगृहात नामिकी शोझोने ती १७५८ साली आणली. रंगमंचाचा गोल कापलेला भाग, खाली तळघरात तो ढकलणारी माणसं. युरोपात हे पोहोचायला १८९६ साल उजाडलं, म्युनिकमध्ये. मराठी प्रेक्षकाच्या मनात तो कायमचा बसला १९६२ साली, आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मधून. दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर. तिथे फिरता रंगमंच चमत्कृती म्हणून नव्हता, नाटकाच्या रचनेतच त्याची गरज होती. खटला चाललाय, साक्षीदार सांगायला लागतो, आणि सांगणं संपायच्या आत ती घटना समोर यायला हवी. रंगमंच फिरतो, न्यायालय जातं, घर येतं. दोन प्रवेशांत श्वास घ्यायलाही जागा नाही. पण मग पाच वेगवेगळी सोंगं एकट्याने करणाऱ्या प्रभाकर पणशीकरांनी कपडे कधी बदलायचे? प्रेक्षकांचा जो वेळ वाचला तो नटाच्या खात्यातून गेला होता. लखोबा लोखंडेचा दिवाकर दातार होताना काय काय सुटत होतं आणि काय काय बांधलं जात होतं, हे मागे दुसरं नाटकच चालू असणार, त्याचं तिकीट कुणाला मिळालं नाही.

या मागच्या नाटकाची घड्याळं वेगळी. प्रेक्षकांना तिसरी घंटा म्हणजे सुरुवात, आतल्यांना ती शेवटची मुदत. पहिली घंटा झाली की रंगपटात गप्पा कमी होतात, दुसरीला नटराजापुढे उदबत्ती लागलेली असते, तिसरीला रंगदेवतेला अभिवादन करणारी घोषणा. पडदा सरकायच्या आत कुणीतरी रंगमंचाला हात लावून कपाळाला लावतो. वर दोरांवर काम करणारे तर एकेकाळी युरोपात बरेचसे खलाशी असत, अशी नाटकवाल्यांची जुनी समजूत. जहाजावर ते शिट्ट्यांनी इशारे देत. तेव्हा रंगमंचावर सहज शीळ घातली आणि डोक्यावर कापडाचं जंगल कोसळलं, असं होऊ नये म्हणून तिथे शीळ घालायची नाही. खलाशी गेले, दोरांना प्रतिभार आले, विजेची यंत्रं आली, शीळ मात्र अजून वर्ज्य.

कापड, लाकूड, रंग, दिवे आणि वर धुराड्याइतकी उंच पोकळी. एकाच जागी हे सगळं आणल्यावर आग लागणं किती सोपं आहे ते वेगळं सांगायला नको. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ६०२ माणसं गेली. मोठ्या नाट्यगृहांत चौकटीत खाली उतरणारा अग्निरोधक पडदा आणि पोकळीच्या माथ्यावर धूर जाणारी झडप असते, ती रंगमंचावरची आग रंगमंचावरच ठेवायला. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं होतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

लपवण्याचं हे शास्त्र इतकं परिपूर्ण झाल्यावर काही जणांना ते गुदमरवणारं वाटलं नसतं तरच नवल. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’भोवती जी प्रायोगिक नाटकं झाली, तिथे प्रेक्षक नटाचा घाम बघू शकेल इतका जवळ होता. १९७२ साली पुण्यात जब्बार पटेलांनी तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं आणि पडदाच माणसांचा केला. ओळीने उभे ब्राह्मण, झुलणारे, गाणारे. पाठ फिरवली की भिंत, तोंड फिरवलं की गाव. त्यांच्यामागे काय चाललंय ते दिसत नाही आणि ते जे लपवत आहेत तेच नाटकाचं सांगणं आहे. पडद्याने पात्र व्हावं, याहून मोठी बढती रंगमंचावरच्या कापडाला मिळालेली नाही.

अर्थात कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारी मंडळींना यात काही नवं वाटलं नसेल. त्यांच्याकडे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. बाकड्यावर बसला की सिंहासन, उभा राहिला की रथ. पडद्यामागे पेटारा, खेळाआधी त्याची पूजा. विंग नाही, झालर नाही, सायक्लोरामा तर नाहीच. समोर जत्रेतली माणसं, बाजूने पोरं पडद्याखालून डोकावताहेत, आणि राक्षस आत राक्षस होताना त्यांनी बघितला तरी बाहेर आल्यावर ती घाबरतात. भरताचे १६ हात इथे पडद्याच्या एका पदरावर आले आहेत, तरी काही अडत नाही. याचा उलगडा मला अजून झालेला नाही आणि व्हावा अशी घाईही नाही.

चोखंदळ प्रेक्षक मधल्या रांगेतली मधली खुर्ची मागतात. एकदा बघून झालेलं नाटक पुन्हा बघायचं असेल तर पहिल्या रांगेचं टोक मागून पाहा. बुकिंगवाला म्हणेल, तिथून नीट दिसत नाही. तो बरोबरच सांगतोय. तिथून समोरच्या विंगेत कुणाची तरी चप्पल दिसते, एन्ट्रीच्या आधी घसा खाकरणारा बाप दिसतो, आणि नशीब चांगलं असेल तर दुसऱ्या अंकात मेलेला माणूस चहा पिताना दिसतो.